डावी कूस

इमर्जन्सी नाही.
फोनवरच्या मुलीने फिरून फिरून विचारलं,
मी फिरून फिरून सांगितलं:
श्वास आहे, शुद्ध आहे, रक्त नाही, ताप नाही.
फक्त बेंबीखालचा माणूस
मागच्या शिमग्यापासून हाकेला ओ देत नाही.
"मग ती गाडी तुम्हाला नाही मिळणार, ताई."
तिचंही बरोबर होतं.

म्हणून ही दोनशे पानी वही.
वर वेलदूर, खाली मुंबई,
गुरुवार, सकाळी दहा, तिसरा मजला.
लिफ्ट चालू आहे का, विचारणे.
विचारलं. चालू आहे. "सहसा."

इक्बाल परकारची गाडी बघून आले.
मागच्या दारापासून ड्रायव्हरच्या पाठीपर्यंत
जाळ्याची दोरी ताणली, गाठ मारली,
घरी येऊन तीच दोरी बाबांच्या अंगावर ठेवली,
टाळूपासून टाचेपर्यंत.
चार बोटं उरली.
बाबा काही बोलले नाहीत,
कौलांकडे बघत मापात पडून राहिले.

घर ते रस्ता: जांभ्याच्या एकतीस पायऱ्या, एक काटकोन.
काटकोनात रोहिलकरांची मोटरसायकल असते,
आदल्या रात्री काढायला सांगणे.
उचलायला चार जण: दत्ताराम, विनय, झिलू
आणि झिलूचा मेहुणा,
जो हो म्हणतो आणि येत नाही.
म्हणून पाच.

दर दोन तासांनी कूस बदलणे.
माकडहाडावर चार आण्याएवढी जखम आहे,
तिचा रुपया होऊ द्यायचा नाही.
लघवीची पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकवता.
दोन उशा, एक जास्तीची चादर, कात्री, पेज.
गतिरोधक: इक्बाल म्हणाला, मोजू नका, मला पाठ आहेत.

चिपळूणवरून गेलं तर रस्ता उकरलेला.
मग धोपाव्याहून फेरीबोट, पलीकडे दाभोळ.
इक्बाल दुपारी मोकळा.
मी लिहिलं: बुधवार, एकची फेरी.
मोठ्याने वाचलंही, आईला ऐकू जावं म्हणून.

"एकला नको."

आम्ही दोघी वळलो.
आठ महिन्यांत बाबांनी
पाणी, पंखा, पुरे
याखेरीज शब्द खर्चला नव्हता.

"एकला सुकती. धक्क्याचा उतार खडा लागतो.
गाडी उतरताना माझं डोकं खाली, पाय वर.
बुधवारी दशमी हाय ना?
दहाची पाऊणपट कर."

मी केली. वहीच्या समासात,
शाळेतल्यासारखी, हातचा धरून.
साडेसात.

"साडेसातला भरती पुरी. बोट धक्क्याच्या बरोबरीला येते."
मग डोळे मिटले. तांडेलाने हुकूम दिला
की तो पुन्हा सांगत नाही.

पान फाडलं, नव्याने मांडलं.
साडेपाचला घर, उताणे.
साडेसातला बोट, डावी कूस.
इक्बालला फोन केला. कुरकुरला, मग म्हणाला,
तांडेल बोलले? मग येतो.

बुधवारी झिलूचा मेहुणा आला.
सहा जण झाले, एकमेकांच्या पायात आले.
काटकोनात दत्तारामचं कोपर सोललं.
धोपाव्याला फळी आणि धक्का
एका रेषेत होते. चाकांना कळलंही नाही.

बोट सुटली तेव्हा साडेसातला दोन मिनिटं कमी.
मी आणि आई, एक खांद्याला, एक कमरेला,
एक दोन तीन, डावीकडे.
दोन उशा पाठीला, एक गुडघ्यांत.
तेव्हा कुठे लक्षात आलं
की उत्तरेला जाणाऱ्या बोटीवर
डावीकडे काय असतं.

काचेला पांढरी फिल्म. वीतभर सरकवली.
खाडीचं मुख, त्यावर बाराची फेसाळ रेघ,
बाहेर पडणारे दोन ट्रॉलर.
"धाकटा चुकतोय," बाबा म्हणाले. "लई दक्षिणेला धरलाय."

धाकटा सावरला की नाही, ते दिसलं नाही.
दाभोळ आलं, भोंगा झाला.
वहीत पुढची ओळ:
साडेनऊ, उजवी कूस,
दापोलीच्या पुढे, सावली बघून.